‘आला का?’ विचारणारा सलगर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर लिनक्सवर नेला त्या मे महिन्यात तुळशीराम सलगरनं मला फोनवर एवढंच विचारलं होतं, "भाऊसाहेब, नानांच्या डब्यात आला का?" आणि मी खुर्चीतून न उठता म्हणालो होतो, "आला."

आला नव्हता. आमच्या सचिवांच्या डब्यात, म्हणजे मेलबॉक्समध्ये, तो मेल का आला नसेल, याची पाल माझ्या मनात तेव्हाच चुकचुकली होती.

लिहायचं आहे ते सलगरवर. माझं मध्ये मध्ये येईल, त्याला इलाज नाही.

आमची बीडची शिक्षण संस्था. जिल्हाभर शाळा, दोन-तीन कॉलेजं, आणि या सगळ्यांचे मेल मुख्य कार्यालयाच्या जिन्याखाली असलेल्या खोलीतल्या एका मशीनवरून यायचे-जायचे. ते मशीन सलगरच्या ताब्यात. मी कार्यालय अधीक्षक. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. सलगर डिप्लोमा झालेला, कंत्राटी, दर जूनला करार नवा. अंगानं आडवा, आवाज मोठा, आणि स्वतःबद्दल बोलायला अजिबात न लाजणारा. "बीड जिल्ह्यात सोताच्या हातानं मेल सर्व्हर चालवणारा दुसरा माणूस दाखवा, त्येच्या चपला उचलतो मी," हे तो नव्या शिपायालाही ऐकवायचा आणि तपासणीला आलेल्या साहेबालाही.

त्या खोलीत शिरताना तो चपला बाहेर काढायचा. आत मात्र देवळातल्यासारखं काही नसायचं. गळ्यात टॉवेल, कारण एसी अर्धा वेळ बंद, खिशात फुटाणे, आणि मशीनला सतत शिव्या. स्क्रीनवर एरर आली की ती तो मोठ्यानं मराठीत वाचायचा, शेजारी कुणी असो नसो. "म्हणतंय, हितं यायची परवानगी न्हाई. आरं मग माग की परवानगी, तोंड हाय ना तुला?" किंवा, "म्हणतंय, समोरचा उचलत न्हाई. थांबतो म्हणतंय. किती थांबशील बे?" आमच्या हिशेबनीस बाई जिन्यावरून जाताना म्हणायच्या, "भाऊसाहेब, सलगरचं घरी भांडण झालं वाटतं." घरी त्याचं भांडण कधी झालेलं मला माहीत नाही. बायकोशी तो फोनवर इतक्या हळू बोलायचा की हा तोच माणूस का असं वाटावं.

वडील मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परतायचे. सलगरचं लहानपण असंच, आज ह्या शिवारात, उद्या त्या. त्यामुळे बीडमध्ये त्यानं भाड्याची खोली घेतली तेव्हा पहिलं काय केलं, तर दारावर नावाची पाटी लावली. घरमालक हसला म्हणे. "भाड्याच्या खोलीला पाटी कावून लावतो रे?" सलगर मला सांगत होता, "मी म्हणलं, मालक, आमच्या खानदानात एका पत्त्यावर ऱ्हाणारा मी पयला माणूस हाय. लोकाला कळू द्या." मुलगी आमच्याच संस्थेच्या शाळेत पहिलीत होती. "हितंच धाव्वी करणार ती. मी धा वर्षांत सात शाळा बघितल्यात," असं तो म्हणायचा. आणि या सगळ्याच्या मागे एकच गोष्ट होती: कायम नोकरीची ऑर्डर. ती मिळाली की पाटी पक्की.

वडिलांकडून त्यानं एक गोष्ट उचलली होती. ती लोकांना विक्षिप्त वाटे. मशीननं कितीही सांगितलं की मेल पोचला, तरी सलगरचा विश्वास बसत नसे. तो माणसाला फोन करायचा. "आला का? उघडून बघितला का? काय लिहिलंय, वाचा." मी एकदा वैतागून म्हणालो, "अरे, तुझा संगणक सांगतोय ना आकडा जुळला म्हणून?"

"भाऊसाहेब, माझा बाप सांजच्याला मेंढरं मोजत न्हाई. तोंड बघतो एकेकाचं. आकडा जुळतो वो, पर दुसऱ्याचं मेंढरू घुसलेलं असतंय आन आपलं मागं ऱ्हायलेलं असतंय."

आमच्याकडं मेलचा रिवाज वेगळाच होता आणि आजही आहे. मेल पाठवायचा, मग फोन करायचा, "मेल टाकलाय, बघा." समोरचा म्हणणार, "व्हॉट्सॲपवर पण टाका." मग तो त्याची प्रिंट काढणार, त्यावर आवक शिक्का मारणार, आणि फाइलला लावणार. आष्टीच्या शाळेचे मुख्याध्यापक तर मेलच येत नाही म्हणून महिनाभर तक्रार करत होते. सलगर शेवटी एसटीनं आष्टीला गेला. आल्यावर चपलाही न काढता खोलीत बसला आणि हसत सुटला.

"काय झालं रे?"

"डबा भरलाय. संस्थेचा सर्व्हर लागला तवापासून एक मेल पुसलेला न्हाई त्येंनी. मी म्हणलं सर, जुनं काढा, नव्याला जागा करा. तर म्हणत्यात, सलगर, कार्यालयीन कागद फाडत नसतेत. मी म्हणलं सर, कागद न्हाई त्यो. तर कपाट उघडलं. सगळ्या मेलच्या प्रिंटा. म्हणत्यात, ह्यो काय मग?"

त्यानं त्यांचा डबा मोठा करून दिला. पुसायला नाही लावलं. "म्हातारा माणूस हाय, भीती वाटती त्येला," म्हणाला.

जुनं मशीन विंडोजचं होतं. त्याचा परवाना संपला, कंपनीच्या नोटिसा यायला लागल्या. आमचे सचिव, म्हणजे नाना, खर्चाला तयार नव्हते. सलगरनं सांगितलं की लिनक्सवर नेऊ, परवान्याचा प्रश्नच राहत नाही. नाना म्हणाले, "फुकटात होतंय म्हणतोस? मग कर. नीट चाललं तर जूनमध्ये तुझी ऑर्डर काढतो." हे माझ्यासमोर बोलले. सलगर जिना उतरताना कठड्यावर थाप मारत उतरला.

आता माझं सांगतो. सलगर येण्याआधी मेलचं काम माझ्याकडं होतं. त्या काळात मी नानांच्या डब्यावर एक वाट काढून ठेवली होती. त्यांना येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत गुपचूप माझ्याकडं यायची. विकण्यासाठी नाही, कुणाचं नुकसान करायला नाही. मला बदलीची भीती होती. आमच्या संस्थेत बदल्या मे महिन्यात होतात, आणि त्याची कुणकुण नानांच्या मेलमध्ये आधी लागते. माझ्या आईचं डायलिसिस बीडमध्ये चालू होतं. माझी बदली झाली असती तर तिला कोण नेणार होतं? हे कारण खरं आहे. पण आई आजारी पडण्याआधीपासून ती वाट होती, हेही खरं आहे.

सलगरनं एका रविवारी सगळे डबे नव्या मशीनवर हलवले. मेल गेले, पण माझी ती वाट जुन्याच मशीनवर राहिली. अशा जोडण्या आपोआप जात नाहीत, हाताने पुन्हा कराव्या लागतात. सोमवारी सकाळी माझ्याकडं काहीच येईना. बदल्यांची यादी त्याच आठवड्यात ठरणार होती.

नव्या मशीनचा पासवर्ड माझ्याकडं होता. सलगरनंच दिला होता. "मी कुटं गाडीखाली आलो तर कुणाला तरी म्हाईत पायजे," म्हणून. तो मशीनच्या पायाशी वायरींत डोकं घालून बसला असताना मी माझ्या टेबलावरून आत शिरलो आणि नानांचा डबा माझ्याकडं वळवला. 'मूळ ठिकाणी प्रत ठेवा' अशी एक चौकट असते. घाईत मी तिच्यात खूण केली नाही. आणि दुसरं विसरलो ते असं: एप्रिलमध्ये आईसाठी रजेवर होतो तेव्हा नानांनी माझे मेल त्यांच्याकडं वळवायला सांगितले होते. रजेवरून आल्यावर मी ती बंद केली होती, पण सलगरला सांगायचं राहिलं, आणि त्यानं ती वाट नव्या मशीनवर आठवणीनं, हातानं केली होती. म्हणजे नानांचा मेल माझ्याकडं, माझा नानांकडं, पुन्हा माझ्याकडं. मशीन असा मेल ओळखतं आणि ज्यानं पाठवला त्याला परत करतं. आम्हा दोघांकडं काहीच उरत नाही.

त्याच दुपारी सलगरचा तो फोन आला. नाना परळीला लग्नाला गेले होते, मोबाइल उचलत नव्हते. "तुमी वर जाऊन त्येंच्या कॉम्प्युटरवर बघा जरा. चाचणीचा टाकलाय. आला का?"

मी माझी स्क्रीन बघितली. माझ्याकडंही आला नव्हता. नाही म्हणालो असतो तर त्यानं तत्काळ नानांच्या डब्याची जोडणी उघडली असती, आणि पहिल्याच ओळीत माझं नाव. म्हणून म्हणालो, "आला."

"काय लिहिलंय?"

"चाचणी."

"बास. तुमचं म्हणलं की खरंच," म्हणाला आणि पुढच्या डब्याकडं गेला. चाचणीचे मेल तो मशीनच्या मुख्य खात्यावरून टाकायचा, आणि त्या खात्याचा डबा त्यानं अजून उघडलाच नव्हता; परत आलेला मेल तिथंच पडून राहिला.

पुढचा आठवडा मी त्याचा चेहरा बघत काढला. कारण बाकीचंही काही धड चालत नव्हतं. कॉपी केलेल्या सगळ्या फायली मशीनच्या मुख्य खात्याच्या मालकीच्या झाल्या होत्या. ज्याचा डबा त्यालाच उघडेना. ते निस्तरलं तर जुन्या मराठी फॉन्टात नावं दिलेले फोल्डर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दाखवायला लागले. परीक्षा विभागाच्या बाई रडकुंडीला आल्या. ते झालं तर आमचे बाहेर जाणारे मेल मोठ्या मेल कंपन्या घेईनात. हा पत्ता आमच्या ओळखीचा नाही, म्हणायच्या. शाळांमधल्या जुन्या कॉम्प्युटरांना नव्या मशीनची भाषा समजेना. एक एरर मारली की तिच्या मागून दुसरी. त्यात वीज जात होती, इन्व्हर्टर मान टाकत होता.

पहिले दोन दिवस तो एरर मोठ्यानं वाचत होता. मग वाचणं बंद झालं. फुटाणे खिशात तसेच. मी डोकावलो तर टॉवेल तोंडावर घेऊन बसलेला.

"जेवलास का?"

"जेवतो." मग टॉवेलातूनच म्हणाला, "भाऊसाहेब, नाना काय म्हणत्यात?"

"काही नाही. त्यांचं चालू आहे."

"त्येंचं चालू हाय म्हंजी ऑर्डर हाय. बाकीचं मी करतो."

नानांचं चालू नव्हतं. नानांना मेल करणाऱ्या प्रत्येकाला तो परत येत होता. पण ज्याचा परत आला त्यानं आमच्या रिवाजाप्रमाणं फोन केला, नाना म्हणाले व्हॉट्सॲपवर टाक, त्यानं टाकलं. सलगरला कुणी कळवलंच नाही. आणि मी, ज्याला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं की माझ्या वाटेत काहीतरी उलटंपालटं झालंय, मी त्याला पुन्हा हात लावायला घाबरलो. आत शिरलो की खूण राहील असं वाटलं. नीट करायला घाबरलो, करताना नव्हतो घाबरलो.

फक्त एकजण फोन करत नव्हता. आमच्या नव्या फार्मसी कॉलेजच्या मान्यतेचा प्रस्ताव परिषदेकडं गेला होता. त्यातल्या त्रुटी सांगणारा मेल परिषदेच्या मशीननं नानांच्या पत्त्यावर पाठवला. तो परत गेला. त्रुटी भरून द्यायची आठ दिवसांची मुदत संपली. त्या वर्षीचे प्रवेश गेले. हे आम्हाला कळलं ते नाना स्वतः चौकशीला गेले तेव्हा.

सलगरला कारण सापडायला फार वेळ लागला नाही. कुठं बघायचं ते माहीत नव्हतं इतकंच. कळल्यावर लगेच सापडलं. त्यानं मला खोलीत बोलावलं. मी चपला काढल्या. त्यानं बऱ्याच दिवसांनी एरर तोंडानं वाचली, पण हळू आवाजात.

"म्हणतंय, ह्यो मेल फिरून फिरून त्याच दारात आलाय. आत घेत न्हाई." मग त्यानं खाली सरकवलं. कोणत्या दिवशी, कोणत्या कॉम्प्युटरवरून बदल झाला ते तिथं होतं. कॉम्प्युटर माझा. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "पासवर्ड दोघांकडं हाय," म्हणाला. "मी आन तुमी."

मी खोलीचं दार लोटून घेतलं.

"तुमी तर आला म्हणला होता," म्हणाला. मग टॉवेलनं स्क्रीन पुसली. स्क्रीनवर पुसण्यासारखं काही नव्हतं.

नानांच्या खोलीत आम्ही दोघंच उभे होतो. नाना चिडले की उलट शांत होतात. "सलगऱ्या, कुणी केलं ते सांग. मशीननं केलं असलं काही मला सांगू नको बे."

 सलगरनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. आरोप करायला नाही. वाट बघत होता. समोरच्याला बोलायची जागा करून देतात, तसा. मी पंख्याकडं बघितलं. पंखा हळू फिरत होता. मला अजून आठवतं, त्याच्या एका पात्याचा रंग उडाला होता.

मग सलगर म्हणाला, "माझ्याकडून झालं, नाना."

"कसं?"

"जोडणी चुकली. तपासायला पायजे होतं, न्हाई तपासलं."

नानांनी पुढं काही विचारलं नाही. जूनमध्ये त्याचा करार नवा झाला नाही. माझी बदलीही झाली नाही. यादीत माझं नाव कधी नव्हतंच, असं नंतर कळलं.

जिन्यात मी त्याला गाठलं होतं. काय बोलायचं होतं ते ठरलं नव्हतं. तोच म्हणाला, "चावी मीच दिली ना तुमाला. मग माझंच की." त्यात टोमणा होता की तो तसंच मानत होता, हे मला आजवर उलगडलेलं नाही. त्यानं काही मोठेपणा केला असं मला म्हणायचं नाही. मला वाटतं, तो फक्त थांबला, मी बोललो नाही, आणि मग कुणीतरी बोलायला हवं होतं म्हणून तो बोलला.

जाण्याआधी चार-पाच दिवस तो येत राहिला. उरलेल्या सगळ्या एरर त्यानं निस्तरल्या. नानांचा डबाही. प्रत्येकाला फोन केला, "आला का? वाचा." मला नाही केला.

यापुढचं सांगायला मला जास्त जड जातं. त्या दिवाळीच्या आसपास एका पतसंस्थेतून फोन आला. सलगरनं तिथं अर्ज केला होता आणि चौकशीसाठी माझं नाव दिलं होतं. माझंच. फोनवरचे गृहस्थ सभ्य होते. "माणूस कसा आहे? काढलं का त्याला?"

मी म्हणालो, "हुशार आहे. मेहनती आहे." आणि थांबलो.

"पण?"

"सर्व्हरच्या कामात थोडी गडबड झाली होती."

"बरं बरं," म्हणाले. "समजलं."

तिथं त्याला घेतलं नाही. पाटी निघाली. खोलीवर दुसरं बिऱ्हाड आलं. मुलीचा दाखला माझ्याच सहीनं गेला. शिपायानं कागद पुढं केला, मी सही केली.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या कामानं आष्टीला गेलो होतो. बाजार भरला होता. बाजार समितीच्या फाटकापाशी एक माणूस शिडीवर चढून कॅमेरा बसवत होता. पाठ ओळखीची वाटली. गळ्यात टॉवेल होता. केस विरळ झाले होते. खाली मोटरसायकल, तिच्या दोन्ही बाजूंना वायरींची बंडलं, मागं एक घडी केलेली चटई बांधलेली.

मी हाक मारली नाही. त्यानंच खाली बघितलं.

"भाऊसाहेब का? हिकडं कुटं?"

"शाळेत आलो होतो. तू?"

"ही कॅमेऱ्याची कामं. पंपावर, कारखान्यावर, जिनिंगवर. जिथं काम तिथं मुक्काम." खिळा ओठात धरून बोलत होता. "आई कशी हाय तुमची?"

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. सांगितलं. त्यानं हातोडी खाली घेतली. "लई वाईट झालं," म्हणाला.

"मुलगी कितवीत आहे?"

"चौथीत. सध्या परळीला, मामाकडं. त्येच्या आधी बायको होती तिकडं गेवराईला." मग कॅमेऱ्याकडं बघत, "शाळा बदलायची सवय लागली तिला. आमच्यात असतीच ती."

मी म्हणालो, "सलगर, त्या वेळी नानांच्या खोलीत..."

"शिडी धरा जरा," तो म्हणाला. "हलतीया."

मी शिडी धरली. दोन्ही हातांनी. तो वर चढला, भिंतीला खिळे ठोकले, वायर ओढून घेतली. चुन्याचा भुगा माझ्या डोक्यावर पडत होता. बाजारातली माणसं आमच्या बाजूनं जात-येत होती. खाली उतरल्यावर त्यानं माझ्याकडं न बघता हत्यारं गोळा केली, खिशातून फोन काढला, आणि समितीच्या ऑफिसातल्या माणसाला विचारलं, "चित्र आलं का? काय दिसतंय, सांगा." पलीकडचा काहीतरी म्हणाला. सलगर म्हणाला, "तुमी सोता बघून सांगताय ना? का नुसतंच?"

मग त्यानं मोटरसायकल सुरू केली. मान हलवली, आणि धुळीतून कडा गावाच्या रस्त्याला लागला.

नाना अजून सचिव आहेत. त्यांची खोली माझ्या खोलीच्या वरच आहे, जिना चढलं की डाव्या हाताला. ते मशीन जिन्याखाली चालू आहे. त्या जिन्यानं वर जाऊन, नानांच्या समोर उभं राहून, "ते सलगरनं नाही, मी केलं," एवढं एक वाक्य मी त्याला देणं लागतो. इथं लिहिलंय. तिथं अजून बोललेलो नाही.